भिंगवाल्या मावशी

कार्ड हातात दिलं की मावशी आधी डोळे मिटायच्या. समोर कार्डाचा मालक श्वास धरून उभा असायचा. कुणी त्या एका कार्डासाठी दोन पगार घातलेले असायचे, कुणी मोटरसायकल विकलेली असायची, आणि या बाई डोळे मिटून अंगठ्यानं कार्डाची कड चाचपत बसलेल्या. मग कार्ड कानाशी नेऊन किंचित वाकवायच्या आणि त्याचा आवाज ऐकायच्या. एवढं झाल्यावर पर्समधून घडीचं भिंग काढायच्या आणि खिडकीकडे तोंड करून बसायच्या. “अंगठा शंका घेतो, निकाल भिंग देतं,” असं त्या म्हणायच्या. इंदूरच्या पोरांना हेच त्यांच्या हिंदीत सांगायच्या, “अंगूठा खाली डाउट लेता है बेटा, जजमेंट काँच देता है.”

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. यात बावन्न पानांचा एक कॅट सगळ्यांना पुरत नाही. प्रत्येक खेळाडू स्वतःची साठ कार्डं निवडून स्वतःचा डेक बांधतो. कार्डांवर प्राणी, योद्धे, किल्ले, वादळं असतात आणि ज्याची त्याची ताकद त्यावर छापलेली असते. कार्डं बंद पाकिटांतून विकत मिळतात, आत काय निघेल ते नशीब. काही कार्डं इतकी थोडी छापतात की हजारो पाकिटांत एखादं निघतं. आमच्या वेळी असं कार्ड म्हणजे काळी वाघीण. ती टेबलावर उतरली की समोरच्याला हातातली निम्मी कार्डं टाकून द्यावी लागत. ती एवढी महाग होती की तिच्या नकला निघायच्या, आणि चांगल्या घोटीव निघायच्या. स्पर्धेचा नियम मात्र कडक होता. डेकमध्ये एक जरी नकली कार्ड सापडलं तरी खेळाडू बाद.

देवासला ए. बी. रोडच्या आतल्या गल्लीत पीयूष भियाचं स्टेशनरीचं दुकान होतं; माळव्यात भैयाला भिया म्हणतात. त्याच्या वरच्या हॉलमध्ये दर रविवारी स्पर्धा व्हायच्या. इंदूर, उज्जैन, रतलाम, धार, कुठकुठून पोरं यायची. कॉलेजातली, नोकरी करणारी, एक-दोन तर टक्कल पडलेली. खालच्या टपरीवरचे पोहे-जलेबी खाऊन सगळी वर चढायची आणि आपापले डेक घेऊन मावशींच्या टेबलासमोर रांग लावायची. हॉलभर त्या ‘मौसी’ होत्या. मंगला हे त्यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं.

त्यांना तिथं नेलं मी. मी धारचा. देवासच्या एका कारखान्यात नोकरी लागली तेव्हा मावशींच्या घराची वरची खोली भाड्यानं घेतली. त्या मूळच्या मिरजेच्या. नवऱ्याला इथं काम मिळालं म्हणून लग्नानंतर आल्या, आणि पुढं स्वतःही खोकी छापणाऱ्या एका छापखान्यात तपासणीला लागल्या. औषधांची खोकी, साबणांची खोकी. सव्वीस वर्षं त्यांनी रंग रंगावर नीट बसलाय का, अक्षर फाटलंय का, एवढंच पाहिलं. नवरा वारलेला, मुलगी हैदराबादला. मी राहायला गेलो त्या पहिल्याच महिन्यात एकदा ओट्यावर कार्डं मांडून बसलो होतो. मावशी चहा घेऊन आल्या, सहज एक कार्ड उचललं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “हे कुणी दिलं रे तुला? हे बाकीच्यांच्या घरातलं नाही.”

मी हसलो. त्या आत जाऊन भिंग घेऊन आल्या. “बघ. या कार्डावरची काळी अक्षरं कशी एकसंध आहेत. आणि या पाहुण्याची? लाल-निळे ठिपके दिसतात बघ अक्षरात. कुणी तरी छापलेल्या कार्डाचा फोटो काढून परत छापलंय.” ते कार्ड मी चार महिने जीवापाड जपलं होतं. पुढच्या रविवारी मी मावशींना पीयूष भियाकडे घेऊन गेलो, आणि त्यानंतर त्यांचा एकही रविवार चुकला नाही.

खेळ त्यांना कधीच कळला नाही. कोण जिंकलं हे त्या चेहऱ्यांवरून ओळखायच्या. पण कार्डांच्या दुनियेतली एक गोष्ट त्यांना फार खटकायची. चुकून वाकडं छापलेलं, एखादा रंग राहून गेलेला, असं कार्ड या बाजारात चांगल्या कार्डाहून महाग विकलं जायचं. असं एक कार्ड रतलामच्या एका डॉक्टरकडे होतं. त्याची किंमत ऐकून मावशी खुर्चीतून उठल्याच. “आमच्याकडे एवढ्या चुकीला पाळीचा पगार कापायचे! मी सव्वीस वर्षं असला माल गोण्या भरभरून फेकून दिला की रे. आणि हा माणूस त्याला काचेत घालून हिंडतोय?” त्या दिवशी घरी येईपर्यंत त्या हसत होत्या.

दोन नियम त्यांनी स्वतःच करून घेतले होते. पहिला, तपासायच्या आधी किंमत सांगायची नाही. कुणी उत्साहानं आकडा बोलायला लागला की त्या हात वर करायच्या, “दाम बाद में बताओ. दाम सुना तो हाथ काँपता है.” दुसरा नियम निकालाचा. कार्ड नकली निघालं तर त्या ते मोठ्यानं कधी सांगत नसत. कार्ड उलटं करून मालकाच्या हाती ठेवायच्या, त्याला वाकायला लावायच्या आणि कानात सांगायच्या, “इसको घर पे रखो. खेलने को दूसरा डालो.” मग त्याला भिंगातून ठिपके दाखवायच्या. माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की तो भांडत नाही, असा त्यांचा अनुभव. मी पाहिलेल्या तीन वर्षांत कुणी भांडलं नव्हतं.

माझ्यावर त्यांचा जीव होता. मला त्या ‘धारकर’ म्हणायच्या. आमच्या घरची मराठी धार संस्थानच्या काळात थांबलेली, “आपण जेवलांत का?” अशी. ती ऐकून त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. पण शाळा हिंदीत झाल्यामुळे मला मराठी वाचताना धाप लागायची. मावशींच्या बहिणीकडून मिरजेहून दरवर्षी दिवाळी अंक यायचे. तिसऱ्या वर्षी त्यांनी एक अंक माझ्या हातात ठेवला. “रोज संध्याकाळी दोन पानं मोठ्यानं वाच. तुला सराव होईल.” मी अडखळत वाचायचो, त्या शेंगा सोलता सोलता चुका दुरुस्त करायच्या. महिनाभरानं माझ्या ध्यानात आलं की सराव माझ्यासाठी नव्हता. चहा कपाच्या बाहेर पडत होता. विजेचं बिल त्या मलाच वाचायला देत होत्या. माझ्याशी बोलताना त्या माझ्या खांद्याकडे बघत होत्या.

मीच त्यांना इंदूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी मलाही आत बोलावून आम्हा दोघांना सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. कडेचं दिसत राहील, पण बरोबर समोरचं, बारीक, पुसलं जाईल. गेलेलं परत यायचं नाही. बाहेर आल्यावर मावशी रिक्षाच्या स्टँडवर जाऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “पीयूषला सांगू नकोस.”

“मावशी, तुम्ही तपासणार कशा?”

“अंगठा आहे ना माझा. आणि अजून दिसतंय मला, उजेड चांगला असला की दिसतं. धारकर, मुलगी महिन्यातून एकदा फोन करते. आठवड्यात सहा दिवस मला कुणी काही विचारत नाही. रविवार गेला तर मी काय करू, सांग.”

मी नाही सांगितलं. ते त्यांच्यावरच्या मायेनं केलं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावत असे. त्या दिवशी तरी ते खरंही होतं.

त्याच सुमाराला पलक आमच्या हॉलमध्ये यायला लागली. बदनावरची मुलगी, बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. वडिलांचं धान्याच्या मंडीजवळ खत-बियाण्यांचं दुकान. चाळीस पुरुषांत ती एकटी मुलगी. तीन-साडेतीन तास बस बदलत यायची, खुर्चीला पाठ टेकून बसायची आणि न बोलता हरवायची. मला तिनं दोन महिन्यांत दोनदा हरवलं. दुसऱ्यांदा तर माझ्या हातात चांगली कार्डं असताना. मी हरलो याहून मला जास्त लागलं ते हे की खेळ संपल्यावर तिनं माझी चूक मला समजावून सांगितली, आणि ती बरोबर होती.

मग बेंगळुरूच्या राष्ट्रीय स्पर्धेची पात्रता फेरी आमच्या हॉलमध्ये ठरली. जिंकणाऱ्या एकालाच तिकडं जायला मिळणार होतं. अंतिम सामन्यात पलक आणि मी. नियमाप्रमाणे अंतिम सामन्याआधी दोघांचे डेक पुन्हा तपासायचे, तेही सगळ्यांसमोर. पलकनं सकाळच्या डेकमध्ये नसलेलं एक कार्ड आता घातलं होतं. काळी वाघीण. परदेशात असलेल्या मामानं तिकडच्या दुकानातून घेऊन पाठवलेली.

मावशींनी डोळे मिटले. त्यांचा अंगठा कडेवर थांबला, मागं आला, पुन्हा थांबला. त्यांनी भिंग काढलं. दुपार ढगाळ होती, खिडकीतून उजेड असा येतच नव्हता. मी टेबलाच्या पलीकडे हातभर अंतरावर बसलो होतो. एरवी त्या भिंग लावून पाच-पाच मिनिटं हलत नसत. त्या दिवशी भिंग कार्डावर होतं आणि त्यांची नजर कार्डाच्या शेजारी, टेबलाच्या कापडावर. मोजून चार श्वास. मग त्यांनी भिंग मिटलं.

“नकली है.”

कानात नाही, मोठ्यानं. पलकला आधी कळलंच नाही. मग ती म्हणाली, “मौसी, एक बार फिर देखिए ना. मामाजी ने दुकान से लिया है.”

“देखा मैंने.”

“तो मुझे भी दिखाइए, कहाँ से नकली है. आप सबको दिखाती हैं.”

मावशींनी भिंग मुठीत आवळलं. त्या दाखवणार काय? त्यांना काही दिसलंच नव्हतं, हे त्या हॉलमध्ये त्यांच्याखेरीज एकट्या मला ठाऊक होतं. आणि मी त्यांना पहिल्यांदाच ओरडताना ऐकलं. “छब्बीस साल यही काम किया है मैंने! तू सिखाएगी मुझे?”

मागून कुणी तरी हसलं. कुणी तरी म्हणालं, “चोरी पकड़ी गई, भिया.” दोन-तीन मोबाइल वर आले होते. पलकनं आपली साठ कार्डं एकेक करून गोळा केली, डब्यात घातली आणि कुणाकडेही न बघता जिना उतरून गेली. पीयूष भियानं माझा हात वर केला. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं, “मावशी, भिंग इकडे द्या, मी बघतो.” ते माझ्या तोंडाशी आलेलं होतं. मी ते गिळलं, कारण समोरून पलक गेली होती आणि बेंगळुरू माझं झालं होतं.

घरी येताना स्कूटरवर मागून मावशींनी विचारलं, “बरोबर होतं ना रे?”

“तुम्ही सांगितलंत म्हणजे बरोबरच,” मी म्हणालो.

बारा दिवसांनी पलकनं आमच्या ग्रुपवर एक दाखला टाकला. तिनं ते कार्ड मुंबईला तपासायला पाठवलं होतं. कार्ड अस्सल होतं. दुसऱ्या देशात छापलेलं, तिथला कागद जाड म्हणून बोटाला वेगळा लागणारं, पण शाई, ठिपके, अक्षरं सगळी खरी. भिंगातून पाहणाऱ्या कुणालाही ते एका मिनिटात कळलं असतं. खाली तिनं एवढंच लिहिलं होतं, “अब क्या?”

पीयूष भिया त्याच संध्याकाळी घरी आला. भला माणूस, पण दुकानदार. “मौसी, आप टेन्शन मत लो. मैं लिख देता हूँ, टेक्निकल गलती हो गई. दो दिन में सब भूल जाएँगे.” मावशी जमिनीकडे बघत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “मैंने उसको हॉल में बोला था. तो हॉल में ही माफी माँगूँगी. पर पहले उसके घर जाऊँगी.” आणि माझ्याकडे वळून, “शनिवारी सुट्टी आहे ना तुला? चल माझ्याबरोबर. मला एकटीला बसची पाटी वाचता यायची नाही.”

उज्जैन, बडनगर करत आम्ही बदनावरला पोचलो. सोयाबीनच्या ट्रॉल्यांची रांग मंडीपासून पार रस्त्यापर्यंत आलेली होती. मावशींनी माझा दंड घट्ट धरला होता. पलकचे वडील दुकानात होते. आम्ही कोण हे कळल्यावर ते बसा म्हणाले नाहीत. “पूरे गाँव ने वीडियो देखा है,” एवढंच म्हणाले. “मेरी बहन ने फोन करके पूछा, लड़की क्या चुराते पकड़ी गई.” मग आत हाक मारली.

पलक आली आणि दारात उभी राहिली. मावशींनी हात जोडले. “बेटा, मुझे दिखा नहीं. मेरी आँख गई है. बीच का दिखता नहीं. मैंने देखने का नाटक किया. तेरा कार्ड सच्चा था, और मैंने तुझे सबके सामने झूठा बोला.”

पलकच्या वडिलांनी एक स्टूल पुढं सरकवलं. मावशी बसल्या नाहीत. पलकनं विचारलं, “ये बात और किसको पता थी? आँख की?”

माझ्या दंडावरची मावशींची बोटं एकदम आवळली गेली. मी बोलायला हवं होतं. मी बियाण्याच्या पिशव्यांकडे बघत राहिलो.

“किसी को नहीं,” मावशी म्हणाल्या. “मैंने सबसे छुपाया.”

पलकनं माझ्याकडे एकदा पाहिलं, मग मावशींकडे. “मुझे बेंगळुरू का टिकट ऐसे नहीं चाहिए, मौसी. मुझे फाइनल चाहिए. जो हुआ ही नहीं. जीतूँगी तो जाऊँगी.”

परतीच्या बसमध्ये बडनगर मागं पडलं. मी म्हणालो, “मावशी, तुम्ही माझं नाव घ्यायला हवं होतं.” त्या खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, “मी तुझ्यासाठी खोटं बोलले असं समजू नकोस. त्या पोरीसमोर एक माणूस खोटं निघालं होतं. त्याच बैठकीत दुसरंही निघालं असतं तर ती परत त्या हॉलचा जिना चढली नसती. तुझं तू बोलायचंस. ते मी कसं बोलू?”

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मावशी हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या. “मोबाइल निकालो,” त्या म्हणाल्या. “उस दिन निकाले थे ना? आज भी निकालो.” आणि बदनावरला बोलल्या होत्या ते शब्दन्शब्द पुन्हा बोलल्या. शेवटी भिंग पीयूष भियाच्या हातात ठेवलं आणि सांगितलं की आता दुसरा माणूस बघा. कुणाला टाळी वाजवावी की मान खाली घालावी ते कळेना. मागच्या वेळी हसलेला पोरगा रडत होता.

राहिलेला अंतिम सामना मंगळवारी संध्याकाळी ठरला, कारण बुधवारी बेंगळुरूला नाव कळवायचं होतं. मंगळवारी चार वाजता मी पीयूष भियाला फोन केला आणि म्हणालो, अचानक शिफ्ट लागली, मला येता येत नाही. मला शिफ्ट नव्हती. मी वर माझ्या खोलीत होतो. मी तिच्याकडून दोनदा हरलो होतो आणि तिसऱ्यांदाही हरणार हे मला माहीत होतं. पलक आणि तिचे वडील तोवर बदनावरहून निघालेले होते. ते दोघं सात वाजेपर्यंत हॉलमध्ये बसून राहिले. आणि मावशी, ज्यांना आता एकटीनं रस्ता ओलांडायची भीती वाटायची, त्या रिक्षा करून तिथं गेल्या आणि त्या मुलीच्या शेजारी बसून राहिल्या. निघताना त्यांनी जिन्याखाली उभं राहून मला हाक मारली होती. मी ओ दिली नाही. पण जुन्या फरशीवर माझी पावलं खाली ऐकू जात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

सामना झालाच नाही म्हणून जुनाच निकाल धरला आणि बुधवारी माझंच नाव गेलं. बेंगळुरूला मी पहिल्या सकाळीच तिन्ही डाव हरलो. परत आलो तेव्हा मावशींनी विचारलं, “प्रवास नीट झाला ना?” पुढं काही नाही. त्यांनी एका शब्दानं जरी मला झाडलं असतं तरी मी तिथं टिकलो असतो. चार महिन्यांत मी पुण्याला नोकरी बघितली. निघताना त्यांनी शंकरपाळ्यांचा डबा दिला आणि म्हणाल्या, “वाचन सोडू नकोस. चांगलं वाचायला लागला होतास.” कार्डं मी पुण्यात गेल्यावर विकली.

दर दिवाळीला धारला जाताना मी देवासला उतरायचो. मावशींचं दिसणं कमी कमी होत गेलं. चौथ्या दिवाळीला मी धीर केला. त्या ओट्यावर बसल्या होत्या. मी खाली त्यांच्या पायाशी बसलो आणि म्हणालो, “मावशी, त्या दिवशी तुम्हाला दिसलं नव्हतं हे मी पाहिलं होतं. आणि मंगळवारी मला शिफ्ट नव्हती.”

त्यांनी हात पुढं करून माझं डोकं शोधलं आणि त्यावर ठेवला. “हे मला कशाला सांगतोस, धारकर? मला ठाऊक आहे. मला सांगून तुला मोकळं वाटेल, पण ते खरं मोकळं होणं नाही. बदनावरचा रस्ता तुला माहीत आहे.”

मला त्यांचा राग आला. चार वर्षं जे पोटात धरलं ते ओकून टाकलं, आणि ही बाई मला अजून एका दारात उभं करते. पुढच्या दिवाळीला मी देवासला उतरलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. त्या पौषात हैदराबादहून त्यांच्या मुलीचा फोन आला. मावशी झोपेतच गेल्या होत्या. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

देवासहून मी पुण्याला परत गेलो नाही. उज्जैनची बस धरली. बदनावरच्या दुकानावर आता पलक बसत होती. वडील थकले होते, आतल्या खाटेवर होते. ती एका शेतकऱ्याला बियाण्याच्या पिशव्या मोजून देत होती. मला तिनं लगेच ओळखलं. तो माणूस गेल्यावर मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. डॉक्टर, ढगाळ दुपार, गिळलेलं वाक्य, मंगळवारची खोटी शिफ्ट. माझी हिंदी मध्येच तुटून मराठी होत होती, तरी तिनं मला थांबवलं नाही.

सगळं ऐकून ती म्हणाली, “मुझे उसी दिन लगा था. झूठ बोलते टाइम मौसी ने आपका हाथ दबाया था. मैंने देखा था.”

मी म्हणालो, मावशी गेल्या, हे सांगायलाही आलोय.

“पता है,” ती म्हणाली. “बेटी का फोन आया था. हर इतवार बात होती थी हमारी. उस मंगलवार के बाद एक भी इतवार नहीं छूटा.” तिनं पावतीपुस्तक मिटलं. तिच्या आवाजात राग नव्हता, माफीही नव्हती. “मैंने दो बार पूछा था उनसे आपके बारे में, कि आपको पता था या नहीं. दोनों बार कुछ नहीं बताया. बस इतना बोलीं, वो आएगा. उसको टाइम लगेगा, पर आएगा. उससे ही पूछना.”

बाहेर एक ट्रॅक्टर येऊन थांबला, गिऱ्हाईक आलं. पलकनं मघाशी मोकळं झालेलं स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि त्याच्याशी बोलायला उठली. मी बसलो.